खोड विचारणारे अप्पा

अप्पांना गाडी चालवता येत नव्हती. लोकांच्या गाड्या देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवणं हा त्यांचा धंदा, आणि नांदेडहून लातूरला जायचं असलं की ते स्वतः पिशवी घेऊन एसटीच्या फलाटावर उभे. ओळखीचा कोणीतरी गाडी थांबवून म्हणायचा, "अप्पा, बसा की. लातूरलाच चाललोय." अप्पा दोन्ही हात जोडायचे.

"दलालानं मालात बसू न्हाई," म्हणायचे. "बसला की माल आपलाच वाटाय लागतो."

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. उदगीरकडच्या त्यांच्या गावी, शेताच्या कडेला, त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे बसवून त्यांना माती दिली. मला जाता आलं नाही. मी लातूरच्या आमच्या बँकेत कामावर होते आणि मार्चनंतरची कामं संपता संपत नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढले, ती अनेकांच्या हाताला धरून. मला पाठीवर घेऊन वर्गात बसवणाऱ्या शाळेतल्या बाई, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मुदत संपली तरी परत न मागणारे ग्रंथपाल, अशा सगळ्यांची नावं मी नोकरीच्या पहिल्या दिवशी देवासमोर घेतली होती. अप्पा त्यानंतर भेटले. त्यांची आठवण लिहावी असं फार दिवस मनात होतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे नांदेडच्या बायपासला, वजनकाट्याच्या मागे, पत्र्याची एक खोली. पाटीवर नाव नव्हतं. 'गाडी पाठवणे, गाडी आणणे' एवढंच. आत एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. अप्पा बहुधा उभेच असायचे. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, खांद्यावर टॉवेल. वाकले की सदऱ्याच्या आत गळ्यातली लिंगाची चांदीची डबी हलायची. उदगीरकडचे असल्यामुळे बोलण्यात कानडी शब्द यायचे. एखादी गोष्ट मुळीच पटली नाही की ते "इल्ला" म्हणायचे, म्हणजे नाही, आणि त्यानंतर त्या विषयावर बोलायचं बंद.

पूर्वी ते बैलबाजारात दलाल होते. ट्रॅक्टर आले, बाजार पातळ झाला. त्याच सुमारास आपल्याकडे दिल्लीच्या जुन्या गाड्या स्वस्तात आणायची लाट आली. निलंग्याचा त्यांचा एक पाहुणा अशी गाडी घेऊन फसला, गाडी तिकडेच अडकून पडली, आणि "अप्पा, तुमी सौदे करता, बगा काय होतंय का" म्हणून त्यानं त्यांना मध्ये घातलं. ती गाडी आली. मग दुसऱ्याची आली. पुढे बदलीवाले नोकरदार, फौजेतली मुलं, गुडगावला कंपनीत लागलेली पोरं, सगळे अप्पांकडे येऊ लागले. अप्पांकडे ट्रक नव्हता, ड्रायव्हर नव्हता. गाडी ज्याची आणि ट्रक ज्याचा, या दोघांच्या मध्ये ते उभे राहायचे.

पण बैलबाजार त्यांच्या अंगातून गेला नाही. ट्रकमालकांशी भाडं ठरवताना ते खांद्यावरचा टॉवेल काढायचे, दोघांच्या हातांवर टाकायचे आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचे. बाजारात बैलाची किंमत चारचौघांत बोलायची नसते, तशी ही. नांदेडचे ट्रान्सपोर्टवाले सरदारजी सुरुवातीला खो खो हसायचे. नंतर तेही ती बोटं शिकले. मोबाइलवर भाड्याचा आकडा पाठवून झाल्यावरसुद्धा एक म्हातारे सरदारजी मुद्दाम यायचे आणि म्हणायचे, "अप्पा, फोन का रेट झूठा। रुमाल निकालो।"

आणि ते खोड विचारायचे. बैल विकताना मालकानं त्याची खोड सांगायची असते. शिंग मारतो का, नांगराला बसकण मारतो का, पाण्याला बुजतो का. न सांगता विकला तर पाप दलालाला लागतं, असं अप्पा मानायचे. म्हणून कोणीही गाडी घेऊन आलं की गाडीभोवती एक फेरी मारून ते पहिलं विचारायचे, "खोड काय हाय?"

एकदा माझ्यासमोर लातूरचा एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याला राग आला.

"अप्पा, नवी गाडी आहे. खोड कसली?"

"नव्यालाच जास्ती ऱ्हाती. जुना दमलेला असतो."

"काही नाही हो."

"डावीकडलं दार उघडून दावा."

दार उघडताना त्या मुलानं ते नकळत जरा वर उचललं. अप्पा नुसतं बघत राहिले. शेवटी मुलगा हसला. "हां, हे जरा उचलून लावावं लागतं. आणि हॅन्डब्रेक पूर्ण ओढायचा नाही, अडकतो."

"आता कसं." अप्पांनी ट्रकच्या ड्रायव्हरला बोलावून ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं. पुढे ज्याच्या हाती गाडी जाईल त्याला त्यानं सांगायचं, त्यानं त्याच्या पुढच्याला.

गाडीत सामान ठेवू द्यायचे नाहीत. तरी लोक ठेवायचे. रेणापूरच्या एका आईनं गुडगावच्या लेकाला जाणाऱ्या गाडीत, डिकीच्या तळाशी स्टेपनीच्या जागी, ज्वारीचं पोतं आणि काळ्या मसाल्याची बरणी दडवली होती. स्टेपनी काढून घरी ठेवली! मध्य प्रदेशात एका ट्रकवरून दुसऱ्यावर चढवताना गाडीचा टायर गेला, बरणी फुटली, आणि उतरवताना तिकडच्या माणसानं डिकी उघडून जी शिंकायला सुरुवात केली ती फोनवर अप्पांना इथे ऐकू आली. तेव्हापासून अप्पा डिकीत डोकं घालून वास घ्यायचे. त्या बाईंना मात्र ते बोलले नाहीत. "पोराचं पोट तिला दिसत व्हतं, टायर न्हाई दिसला," एवढंच म्हणाले.

गाडी कधी पोचेल हे ते कधीच सांगायचे नाहीत. "मी निघायचं सांगतो. पोचायचं महादेव सांगतो." लातूरचे एक निवृत्त डॉक्टर यावरून भडकले होते. मोबाइलवरचे एजंट पाच दिवसांत दारात आणून देतो म्हणतात, आणि तुम्ही एक तारीख देऊ शकत नाही? अप्पा म्हणाले, "त्यांच्याकडं जावा. लई चांगले हायत." डॉक्टर गेले. परत आले नाहीत. अप्पांनी चहा संपवला.

एकदा गाडी निघाली की तिच्याबद्दल ते स्वतःहून विचारतही नसत. ट्रक सुटला की वळणापर्यंत त्याच्या बाजूनं चालत जायचे, जसं बैलाला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला जातात, आणि मागे न बघता फिरायचे. मी एकदा कारण विचारलं. बाजारातून गेलेल्या एका बैलाची त्यांनी पुढच्या वर्षी चौकशी केली होती आणि नको ते ऐकायला मिळालं होतं. ते काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता माझ्या गाडीचं सांगते.

लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. कॅलिपर आणि कुबड्यांवर मी चालते, पण थोडंच. वडिलांचं हदगावला बस स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. मला शाळेत, पुढे शिकवणीला, ते सायकलवर बसवून न्यायचे आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबायचे. बँकेत लागल्यावर मी साठवलेल्या पैशातून एक आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली आणि हैदराबादच्या एका कारखान्यात तिला हातानं चालवायची दांडी बसवून घेतली. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा, त्याचे खाली दोन गज पेडलांना बोल्टांनी आवळलेले. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की गाडी पळते. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कोणालाही सोबत न घेता घराबाहेर पडले. नुसती बायपासपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही.

मग प्रमोशन आलं आणि बदली गुवाहाटीला झाली. नाकारता येत होतं, पण नाकारलं असतं तर पुढची किती वर्षं त्याच खिडकीत गेली असती, सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "तिकडं तुला कोण उचलून न्यायचं, बाई?"

"गाडी आहे ना."

"गाडी हिथं हाय."

"तिकडे पाठवता येते."

शेवटी असं ठरलं, की बाबा मला सोडायला येतील आणि काही दिवस राहतील. त्यांच्या परतीच्या तिकिटाच्या तारखेपर्यंत गाडी आली आणि मला एकटीला कामावर जाता येऊ लागलं, तर मी राहायचं. नाहीतर प्रमोशन सोडून त्यांच्याबरोबर माघारी यायचं. मी कबूल केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. परतीची दोन तिकिटं काढली.

बँकेतल्या एका शिपाईदादांनी अप्पांचा पत्ता दिला. आम्ही गेलो. अप्पांनी गाडीभोवती फेरी मारली. "खोड काय हाय?"

मी म्हणाले, "गाडीला काही नाही, अप्पा. खोड माझ्यात आहे. म्हणून तिला ही दांडी."

"इल्ला," अप्पा म्हणाले. "माणसाची खोड मी इचारत न्हाई. मी बैलांचा दलाल हाय माय, सोयरिकीचा न्हाई."

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत. माझ्या सोयरिकीवर आमच्या घरात कोणी हसत नसे. अप्पांनी ते पाहिलं असावं, कारण त्यानंतर ते बराच वेळ बाबांशी सायकलींबद्दल बोलत बसले, चक्क खुर्चीवर बसून.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच अप्पांकडे गेले होते. हे त्यांनी मला कितीतरी उशिरा सांगितलं, मी गुवाहाटीहून लातूरला परत आल्यावर. पण ते इथेच सांगायला हवं.

"अप्पा, गाडी उशिरा काढा," बाबा म्हणाले.

"कामून?"

"महिनाभर लांबवा. ट्रक मिळंना म्हना. तुमी त तारीख सांगतच न्हाई कोणाला. कोणाला कळनार बी न्हाई."

"आन् मग?"

"मंग ती माघारी येईल. तिकडं तिचं कोण हाय अप्पा? पडली झडली त कोण बघील? इथं मी हाव. तिला हाताच्या फोडासारकी संभाळून राहिलो मी."

अप्पांनी टॉवेल काढला, बाबांच्या हातावर टाकला आणि आत त्यांचा हात हातात घेतला. बाबांना बैलबाजाराची बोटं येत नव्हती. त्यांनी हात तसाच राहू दिला. अप्पांनीही आकडा काही सांगितला नाही. बाबा म्हणाले, लई वेळ त्यांनी हात सोडला नाही.

मग अप्पा म्हणाले, "दलाल दोन्हीकडला असतोय. पोरीचं मी काल ऐकलं, तुमचं आज ऐकलं. गाडी ठरल्या दिवशी निघंल, खोटं मी बोलणार न्हाई. पर दावं तुमच्यापाशी ठिवा."

बैल विकला तरी मालक आपलं दावं, म्हणजे बांधायची दोरी, देत नाही. ते सोडून घरी आणतो आणि घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. दावं ज्याच्या हातात, बैल त्याचा. ही रीत बाबांनाही ठाऊक होती.

"ती दांडी काढून घ्या. तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या. तिथं गेल्यावर बांधायची का न्हाई ते तुमी बगा. जे व्हायचं ते बापाच्या हातून होऊ द्या, माझ्या खोट्या बोलण्यानं नको."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गाडी द्यायला गेलो तेव्हा अप्पांनी मला सांगितलं, की गाडी चढवणारे-उतरवणारे पायानं चालवतात, त्यांच्या गुडघ्याला गज लागेल आणि कोणीतरी तो वाकवून ठेवील, म्हणून दांडी सोडवून न्यायची. मी म्हणाले, डिकीत ठेवू. "गाडीत काय ठिवायचं न्हाई," ते म्हणाले. ज्वारीच्या पोत्याची गोष्ट मला ठाऊक होती, मी वाद घातला नाही.

पण काढणार कोण आणि तिकडे बसवणार कोण? अप्पांनी बाबांकडे बोट केलं.

"मी सायकलवाला हाव अप्पा," बाबा म्हणाले.

"ब्रेक त ब्रेकच असतोय की."

वजनकाट्यामागच्या उघड्या जागेत, चांगल्या उन्हात, बाबांनी पाना घेऊन दांडी सोडवली. अप्पा म्हणाले, बसवा. बाबांनी बसवली. मी एक चक्कर मारली. ब्रेक सैल लागत होता. "पुन्हा," अप्पा म्हणाले. पुन्हा सोडवली, पुन्हा बसवली. माझी चक्कर. "पुन्हा." बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते चिडले. "तुमी काय माझी परीक्षा घेऊन राहिलाव का?" अप्पांनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ऊन कलेपर्यंत हे चाललं होतं. तोवर बाबांचे हात न बघता बोल्टावर जाऊ लागले होते. शेवटची सोडवलेली दांडी त्यांनी जुन्या सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळून आपल्या पिशवीत घातली.

ट्रक निघाला. अप्पा त्याच्या बाजूनं वळणापर्यंत चालत गेले.

गुवाहाटीला बँकेच्या लोकांनी तळमजल्यावरची खोली बघून ठेवली होती. पण खोलीपासून बँक लांब. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबायची. तिथपर्यंत मी कुबड्यांवर आणि बाबा माझी बॅग, छत्री, डबा घेऊन मागे. रिक्षात चढताना ते मला काखेत धरून उचलायचे. बँकेच्या दारात उतरवायचे आणि समोरच्या पानाच्या दुकानापाशी संध्याकाळपर्यंत बसायचे. तिशीतल्या अधिकाऱ्याचे वडील शाळेच्या फाटकाशी बसावे तसे बाहेर बसलेले. माझ्या टेबलावरून ते दिसायचे. त्यांना तिथली भाषा येत नव्हती. हिंदीही हदगावच्या बाजाराची. तरी पानवाल्याशी त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं.

गाडी येईना. सिलिगुडीच्या पुढे रस्ता खचला होता, ट्रक रांगेत अडकले होते. मी अप्पांना फोन केला.

"अप्पा, गाडी कुठंय?"

"निघाली हाय."

"ते मला माहीत आहे हो! पोचणार कधी?"

"रस्ता उघडला की."

"आणि नाही उघडला तर?"

"माय, रस्त्यावरच्या मालाचा खोटा धीर मी कोणाला देत न्हाई. तुला बी देणार न्हाई. जेवलीस का?"

मी फोन ठेवला आणि रडले. बाबांनी विचारलं नाही. त्यांची पिशवी खाटेखाली होती. रात्री ती कधी उशाशी दिसायची, कधी पुन्हा खाटेखाली. मला वाटायचं, पिशवीत पैसे असतील म्हणून जपतात.

परतीच्या रेल्वेला दोन दिवस राहिले तेव्हा त्यांनी माझ्या कपड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. "तू नको वाईट वाटून घेऊ," म्हणाले. "बँक तिकडं बी हाय."

आदल्या दिवशी सकाळी फोन आला. ट्रक शहराबाहेरच्या आवारात लागला होता.

आम्ही गेलो. गाडीवर चिखलाचा थर होता, काचेवर कोणीतरी बोटानं काहीतरी लिहिलं होतं. ड्रायव्हरनं ती पायानं चालवत फळीवरून खाली आणली, दार उघडून उतरला आणि मला म्हणाला, "दीदी, पीछेवाले ने बोला था, इस गाड़ी में डंडा लगेगा, तब आपकी होगी।" नांदेडच्या ड्रायव्हरनं नागपूरच्या माणसाला, त्यानं पुढच्याला, असं ते इथपर्यंत आलं होतं.

बाबा उघड्या दाराशी जमिनीवर बसले. पिशवी मांडीवर. ते ती उघडेनात. मला कळेना काय झालं. बसवायचं विसरले की काय?

"बाबूजी, छोड़िए," ड्रायव्हर म्हणाला. "मैं पैर से चला के घर तक छोड़ देता हूँ।"

"रुको," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, सकाळी किती वाजता निघावं लागतं तुला?"

"नऊला."

"आन् पाऊस असला त?"

"तरी नऊलाच, बाबा."

"आन् लाइट नसली, रस्ता खराब असला त?"

"मग हळू जाईन."

आवारात दुसऱ्या गाड्या उतरत होत्या. मग त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं, सतरंजीचा तुकडा उलगडला आणि पाना हातात घेतला.

एकेक बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी अप्पांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता.

"अप्पा, बसिवली."

पलीकडून वजनकाट्यावरच्या ट्रकचा आवाज येत होता. "ब्रेक बगितला?"

"दाबून बगितला हातानं."

"हातानं दाबून काय कळतंय? चालती होऊ द्या की गाडी."

बाबांनी फोन तसाच चालू ठेवून शर्टाच्या खिशात घातला. मला उचलून गाडीत बसवायला ते पुढे आले, पण मी दाराला धरून आधीच आत सरकत होते. त्यांनी हात मागे घेतला. कुबड्या मागच्या सीटवर ठेवल्या. मग ते चालत गाडीच्या समोर गेले, बरेच लांब, आणि तोंड माझ्याकडे करून उभे राहिले. दुकानात एखाद्या पोराच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त केला, की ते असेच रस्त्यात उभे राहायचे आणि त्या पोराला सांगायचे, माझ्या अंगावर आण. मी लहानपणी दुकानाच्या ओट्यावरून ते कितीदा बघितलं होतं. मी स्वतः कधी कोणती सायकल आणली नव्हती.

"ये," बाबा म्हणाले. "जोरात ये."

"बाबा, बाजूला व्हा."

"ये म्हन्तो ना."

मी दांडी ओढली. गाडी निघाली. बाबा हलले नाहीत. त्यांचे हात दोन्ही बाजूंना मोकळे होते आणि डोळे माझ्या हातावर होते. मी दांडी पुढे ढकलली.

गाडी थांबली. बाबांनी एक पाऊल पुढे येऊन चिखलानं भरलेल्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले. ड्रायव्हर काहीतरी ओरडत धावत येत होता. काच खाली होती, म्हणून खिशातला आवाज मला ऐकू आला.

"थांबली का?"

"थांबली," बाबा म्हणाले. "लई चांगली थांबली, अप्पा."

"तुमी कुटं उभे हाव?"

"म्होरंच. गाडीच्या म्होरं."

"मग सरका की बाजूला," अप्पा म्हणाले. "जाऊ द्या तिला."

बाबांनी बॉनेटवरचे हात उचलले आणि ते बाजूला झाले. मी दांडी माझ्याकडे ओढली.